सभासद नसलेल्यांची पोरं

पेठ वडगावात सोमवारी सभा बोलवायची नाही, हा न लिहिलेला नियम आहे. सोमवार बाजाराचा. आसपासच्या खेड्यांतली जनावरं, कोंबड्या, मिरच्या, भाजी आणि माणसं त्या दिवशी वडगावात उतरतात आणि मग एकमेकांना हाका मारण्यापलीकडे कुणाला काही सुचत नाही. म्हणून शाळेच्या पालक मंडळाची सभा मंगळवारी संध्याकाळी भरायची. बाजाराचा शीण अंगात असल्यानं ती लवकर संपायची. मंडळ टिकलं त्यात या लवकर संपण्याचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे.

मंडळाचा जन्म एका जळलेल्या मोटारीतून झाला. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी चढवणारी ती मोटर. हेडसरांनी वर पत्र धाडलं, वरून उत्तर आलं की प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव पाठवला, मग उत्तरच आलं नाही. दुपारच्या सुट्टीत घरी गेलेल्या मोठ्या मुली परत येईनात. खत-बियाण्यांचं दुकान असलेले एक पालक होते, गावभर त्यांना आण्णाच म्हणतात. त्यांनी एके दिवशी मोटर उचलून नेली, रिवाइंडिंग करून आणली आणि स्वतः उभं राहून बसवून घेतली. खर्च किती झाला विचारल्यावर म्हणाले, "बघूया नंतर."

हे 'बघूया नंतर' एसटी स्टँडजवळ चहा-भज्यांचा गाडा चालवणाऱ्या वहिनींना पटलं नाही. त्यांची दोन पोरं त्याच शाळेत. "नंतर कोण बघतंय आण्णा? आत्ताच सांगा, मी लिवून ठेवतो," असं म्हणून त्यांनी पोराच्याच दोनशे पानी वहीचं मागचं पान उघडलं. मोटर, वायंडिंग, हमाली, पान्याचा भाडेखर्च. त्या वहीनं त्या खजिनदार झाल्या. निवडणूक वगैरे काही झाली नाही. अध्यक्ष आण्णा, हेही कुणी ठरवलं नाही.

शाळेत पालकांची समिती नव्हती असं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असतेच, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. पण ती शाळेच्या कारभाराची समिती. आण्णांना पाहिजे होतं ते आपलं स्वतःचं मंडळ, जिथं हेडसरांची सही लागत नाही. महिना पन्नास रुपये वर्गणी ठरली. वर्ष-दीड वर्षात पाण्याचा फिल्टर आला, ग्रंथालयाला कपाट आलं, सभासदांच्या पोरांना जूनमध्ये वह्या घाऊक दरात मिळू लागल्या. नंतर त्या फुकट वाटायचं ठरलं, कारण शिल्लक साठत होती आणि साठलेल्या पैशावर सगळ्यांची नजर जायला लागली होती.

आता पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला शाळेचा एक माजी विद्यार्थी यात्रेला आला, शाळेत डोकावला आणि म्हणाला, "विज्ञानाच्या प्रयोगशाळेला मी नि माझे मित्र दोन लाख देतो. तेवढी ८०जीची पावती द्या." आण्णांनी लगेच हो म्हटलं. ८०जी म्हणजे काय हे त्यांनी त्याला निरोप दिल्यानंतर हेडसरांना विचारलं. ती आयकर सवलतीची पावती, आणि ती द्यायची तर मंडळ आधी नोंदलेलं लागतं.

आपल्याकडच्या कितीतरी संस्था अशाच नोंदल्या गेल्या असतील. कुणी पावती मागितली म्हणून.

पुढच्या मंगळवारी घटना लिहायला सगळे बसले. एरवी आठ-दहा जण यायचे, त्या दिवशी तीस आले. नोंदणीला निदान सात माणसं लागतात एवढं कुठूनतरी कळलं होतं, आणि त्या सातांत आपण असावं असं प्रत्येकालाच वाटत होतं. गावातले एक माजी पदाधिकारी, ज्यांची नातवंडंसुद्धा आता कॉलेजात, तेही मागच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांना पाहून आण्णांनी पहिलं कलम तिथल्या तिथं सांगितलं: ज्याचं पाल्य शाळेत शिकत नाही, त्याला सभासद म्हणून वा कार्यकारी मंडळात राहता येणार नाही. टाळ्या पडल्या. मागचं बाक चहाच्या आधीच रिकामं झालं.

दुसरं कलमही आण्णांचंच. मंडळाच्या सर्व योजनांचा लाभ फक्त सभासदांच्या पाल्यांना. यावर टाळ्या पडल्या नाहीत, कारण कुणाला त्यात काही विशेष वाटलंच नाही. पैसे ज्याचे, वह्या त्याच्या पोराला. एकट्या वहिनी काहीतरी बोलायला गेल्या आणि गप्प बसल्या.

त्या का गप्प बसल्या हे सांगायला मागच्या पौषात जावं लागेल.

दिवाळी झाली की वडगावच्या चहूबाजूंच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर, कुठून कुठून. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहतात. त्यांच्यातली काही लेकरं गावातून शिक्षण हमी पत्रक घेऊन येतात आणि चार-पाच महिने इथल्या वर्गात बसतात. त्या वर्षी अशी चार पोरं होती. मंडळानं पौषात दुसऱ्या सत्राच्या वह्या वाटल्या. आण्णा यादी वाचायचे, पोरगं पुढं यायचं, वहिनी सहा वह्यांचा गठ्ठा हातात द्यायच्या. ही चार पोरं फळ्याशेजारी उभी होती, कारण बसायला सांगितलं नव्हतं आणि जायलाही सांगितलं नव्हतं. सगळ्यात धाकटी मुलगी प्रत्येक नावाला अर्धं पाऊल पुढं टाकायची आणि दुसरंच कुणी उठलं की मागं घ्यायची. तिला आपलं नाव यादीत नाही हे ठाऊक नव्हतं. आण्णांची नजर यादीवर होती, त्यांनी ते पाहिलं नाही. वहिनींनी पाहिलं. आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. चौघांच्याही पायांत काही नव्हतं.

पुढचा सोमवार बाजाराचा होता. एवढं पुरे.

घटनेचा मसुदा घेऊन कोल्हापूरला वकिलांकडे जायला आण्णा, वहिनी आणि हेडसर असे तिघे निघाले. वकीलबाई वयस्कर होत्या. धर्मादाय कार्यालयात चाळीस वर्षं जाणं-येणं, आवाज बारीक, चष्मा जाड. त्यांनी घटनेचा मसुदा एकदा वाचला आणि विचारलं, "हे मंडळ नोंदवायचंय, का धर्मादाय नोंदवायचंय?"

"दोन्ही एकच की," आण्णा म्हणाले.

"एक कसं? भिशीपण मंडळच असतंय. वीस घरांनी पैसे घालायचे आणि त्याच वीस घरांनी उचलायचे. त्यात वाईट काही नाही. पण भिशीला कुणी धर्मादाय म्हणत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. महाराष्ट्रात संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायची आणि तिचाच पुढं १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून अर्ज करायचा. पूर्वी त्या कायद्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. धर्मादाय हेतू कुठले, ते त्याच्या नवव्या कलमात दिलेत: गरिबी किंवा संकटाचं निवारण, शिक्षण, औषधपाणी, सर्वसामान्यांच्या उपयोगाचं काम.

"शिक्षण हाय की आमचं!" आण्णा खुर्चीत पुढं सरकले.

"कुणाचं शिक्षण?"

"आमच्या पोरांचं."

"मग ती फी झाली, आण्णा. आपल्या पोरासाठी भरली ती फी. न्यासाच्या नावात सार्वजनिक हा शब्द आहे. पन्नास रुपये भरणाऱ्याच्याच पोराला मिळणार असेल, तर ते तुमचं तुमच्यातच राहिलं."

आण्णांना हे लागलं. त्यांनी मोटारीपासून सगळं सांगितलं. किती वेळ दिला, दुकान सोडून किती हेलपाटे घातले. आणि शेवटी म्हणाले, "ज्यानं छदाम दिला न्हाई त्याच्या पोराला आम्ही का म्हणून द्यायचं? उद्या वर्गणी कोण भरंल?" प्रश्न खोटा नव्हता. ज्यांनी कुठलंही मंडळ चालवलंय त्यांना तो रात्री झोपताना पडतोच. वकीलबाईंनीही त्याला उत्तर दिलं नाही, पुढचं पान उलटलं.

पुढं आणखी दोन ठिकाणी पेन अडलं. शिल्लक रक्कम कुठं ठेवायची? मसुद्यात एका पतसंस्थेचं नाव होतं, तिचे आण्णा संचालक. "व्याज एक टक्का जास्ती मिळतंय," त्यांनी सांगितलं. वकीलबाईंनी ते नाव खोडलं. न्यासाचा पैसा कुठं गुंतवायचा ते पस्तिसाव्या कलमात ठरलेलं आहे. पोस्ट आहे, शेड्यूल्ड बँका आहेत, मान्यता असलेल्या सहकारी बँका आहेत. गल्लीतली पतसंस्था त्यात बसत नाही. मग मंडळ बंद पडल्यास शिल्लक सभासदांत समान वाटून घ्यावी, असं शेवटचं कलम. तेही खोडलं. १८६०च्या कायद्याचं चौदावं कलम सांगतं की संस्था बरखास्त झाली तर देणी भागवून उरलेलं सभासदांना वाटता येत नाही, ते दुसऱ्या संस्थेकडे जातं.

"म्हंजे एकदा घातलेला पैसा आमचा न्हाईच?" आण्णा.

"नाही."

"आम्ही काय आहे मग?"

"सांभाळणारे. विश्वस्त म्हणजे तेवढंच."

मग त्यांनी हिशोब मागितला. वहिनींनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. वकीलबाईंनी ती सावकाश वाचली. रंग उडालेल्या निळ्या शाईत तारीख, रक्कम, कशासाठी, कुणाच्या हातून. जिथं पावती मिळाली तिथं ती टाचणीनं लावलेली, जिथं मिळाली नाही तिथं 'पावती दिली न्हाई, मागितल्ती' असं लिहिलेलं. मध्येच त्या थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं: "चपला चार जोड, ऊसतोडीची पोरं. वह्या चोवीस, तीच पोरं. औषध, धाकटी, ताप."

आण्णांचा चेहरा उतरला, मग तापला. "ह्ये कवा झालं? कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाई," वहिनी म्हणाल्या. "लिवलंय की. लपवायचं असतं तर लिवलं असतं व्हय?"

"सभेत ठराव न्हाई, आणि मंडळाचा पैसा—"

"तुम्ही यादी वाचत हुता, आण्णा. म्या तोंडं बघत हुतो."

हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. वहिनींचं चुकलंच होतं, हे मला इथं सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच्या पैशाचा खर्च ठराव न करता करायचा नसतो, हेतू कितीही चांगला असो. चांगल्या हेतूनं सुरू झालेले बिनठरावाचे खर्च पुढं कुठं जातात, हे आपल्या जिल्ह्यानं संस्थांच्या कारभारात भरपूर पाहिलंय. वकीलबाईही तेच म्हणाल्या आणि झालेला खर्च पुढच्या सभेत मान्य करून घ्यायला सांगितला. पण पुढं असंही म्हणाल्या, "तुम्ही आणलेल्या सगळ्या कागदांत धर्मादाय म्हणता येईल असं हे एवढंच पान आहे. याची झेरॉक्स काढा."

परतीच्या एसटीत तावडे हॉटेल मागं पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग हेडसरांनी विषय काढला तो कर्मवीर भाऊराव पाटलांचा. हेडसर लोक विषय काढतात ते असेच, पण त्या दिवशी तो योग्य होता. कर्मवीर जन्मले कुंभोजला, म्हणजे आपल्याच हातकणंगले तालुक्यात, १८८७ साली. रयत शिक्षण संस्था त्यांनी कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली १९१९ला आणि तिची रीतसर नोंदणी झाली १९३५ला.

"मधली सोळा वर्षं कशावर चालली?" हेडसरांनी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"त्यांच्या मागं मोठी माणसं असतील," आण्णा म्हणाले.

"जात्यावर बसणाऱ्या बाया होत्या. मुष्टिफंड. दळायला बसलं की मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणापायी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. मूठ देणारीला आपली मूठ कुठल्या पोराच्या ताटात गेली हे कळायची सोय नव्हती. सभासदाचं पोर, बिनसभासदाचं पोर, असलं काही त्या मुठीवर लिहिलेलं नसायचं."

आण्णा काही बोलले नाहीत. वाठार फाट्यावर उतरताना वहिनींची पिशवी मात्र त्यांनी आपणहून घेतली.

त्यांचं मनपरिवर्तन वगैरे झालं होतं, असं मी म्हणणार नाही. मंगळवारच्या सभेत जे घडलं ते फार साधं होतं. कलम बदलायचा विषय निघाल्यावर एका दूध डेअरीवाल्यानं आण्णांचंच जुनं वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं, "आम्ही घालायचं आणि न घालणाऱ्यानं खायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता आण्णांना एकतर आपलंच म्हणणं धरून ठेवायचं होतं, नाहीतर त्याला उत्तर द्यायचं होतं. ते उभे राहिले.

"कागदावर सही माझी हाय. मी तिथं शपथेवर लिवून देणार की ह्ये सार्वजनिक हाय. खोटं निघालं तर मला बोलवतील, तुला न्हाई. आणि दुसरं सांगतो. मोटर मी आणली तवा काय मी विचारलं नव्हतं की पाणी कुणाच्या पोरीनं वापरायचं. टाकी एकच हाय. तिथं यादी लावता येत न्हाई. मग वह्यांना कशाला?"

डेअरीवाला म्हणाला, "मग मी वर्गणी भरत न्हाई."

"नको भरू. तुझ्या पोराला वह्या मिळत्यात तरीबी."

हसू झालं. डेअरीवाल्यानं वर्गणी बंद केली, ती खरंच बंद केली. आणखी पाच-सहा जणांनीही केली. दोन महिने मंडळाचं उत्पन्न घटलं आणि वहिनींच्या वहीत ते जसंच्या तसं दिसतं. बोधकथेत अशा वेळी वर्गणी दुप्पट होते. इथं झाली नाही. हळूहळू काही परतले, काही परतले नाहीत, आणि वह्या सहाऐवजी चार द्यायचं ठरलं. सगळ्यांना, पण चार. तोच ठराव वहिनींच्या मागच्या खर्चालाही मान्यता देऊन गेला, आणि यापुढं शंभर रुपयांवरच्या खर्चाला दोन सह्या लागतील असंही ठरलं. हा मुद्दा वहिनींनीच मांडला.

नोंदणीची हकिकत लांबवण्यासारखी नाही. घटना, नियमावली, सातांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागेचा पुरावा, मग न्यासाचा अर्ज, मग हरकती मागवणारी नोटीस. त्या माजी पदाधिकाऱ्यांची हरकत येईल अशी सगळ्यांना धास्ती होती, ती आली नाही. चौकशी झाली. निरीक्षकांनी लाभार्थी कोण एवढंच नेमकं विचारलं आणि आण्णांनी "शाळेत येईल ते कुठलंबी पोर" असं सांगितलं. न्यासाच्या नोंदणीचं, एफ क्रमांकाचं प्रमाणपत्र हातात आलं. आयकराची नोंदणी आणि ८०जी यांचे अर्ज त्यानंतर, वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या वेळकाढूपणानं. पुण्याच्या माणसाला वाट बघावी लागली, पण त्यानं शब्द पाळला. प्रयोगशाळेत आता ब्युरेट्स आहेत आणि त्या फुटतातही.

पाटी करायची वेळ आली तेव्हा आण्णांना तिच्यावर संस्थापक अध्यक्ष म्हणून आपलं नाव हवं होतं. पाटीचा खर्च शंभराच्या वर होता. दुसरी सही वहिनींची. त्यांनी पाटी मान्य केली, नावाची जास्तीची ओळ मान्य केली नाही. पेंटर अक्षरांवर पैसे घेतो, असं कारण दिलं.

दर वर्षी ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि त्यानंतर लेखापरीक्षण. दोनशे पानी वह्या गेल्या, लेजर आलं, पण 'पावती दिली न्हाई, मागितल्ती' हा शेरा लेजरातही असतो आणि ऑडिटर तो वाचून दर वर्षी हसतो, असं ऐकतो.

मग आण्णांची मुलगी दहावी पास झाली. गुण चांगले पडले, पेढे वाटले, आणि पेढे खाता खाता हेडसरांनी घटनेची आठवण करून दिली. ज्याचं पाल्य शाळेत नाही, त्याला सभासद म्हणून वा कार्यकारी मंडळात राहता येत नाही. कलम आण्णांनीच सांगितलेलं, टाळ्यांच्या गजरात. कुणीतरी म्हणालं, दुरुस्ती करूया, आण्णांसाठी अपवाद ठेवूया. आण्णा दोन दिवस त्यावर काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या गाड्यावर येऊन विचारलं, "बदल अर्ज किती दिवसांत द्यायला लागतोय?"

"नव्वद."

"मग उद्याच जाऊया. पुढच्या आठवड्यात खताची गाडी येतीया."

न्यास कायद्याच्या कलम बावीसखालचा बदल अर्ज वकीलबाईंच्या टेबलावर आण्णांनी स्वतःच्या हातानं भरला. बदलाच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मुलगी दहावी पास, ८४ टक्के' असं लिहिलं. वकीलबाईंनी ते खोडून 'घटनेतील तरतुदीनुसार पद संपुष्टात' असं लिहायला लावलं. सही झाली, शिक्का झाला.

बाहेर येऊन रसवंतीवर उभे असताना आण्णांनी खिशात हात घातला. "जुलैची वर्गणी ऱ्हायली माझी."

"तुमची वर्गणी आता घेता येत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "सभासद न्हाई तुम्ही. देणगी घेतो मी. किती लिवू?"

आण्णांनी पाचशे सांगितलं. वहिनींनी पिशवीतून पुस्तक काढून हजाराची पावती फाडली.